वाळवंटी शहरातला हिवाळा: दिवसाचं नव्हे, तासाचं हवामान बघून धावा

वाळवंटी शहरात धावणाऱ्यांसाठी हिवाळा म्हणजे सुगीचे दिवस. उन्हाळ्यात जिथे पहाटे चार वाजताही रस्ता गरम लागतो, तिथे नोव्हेंबर ते मार्च मनसोक्त लांब अंतरं कापता येतात. दुबईची मॅरेथॉन वर्षानुवर्षं जानेवारीत होत आली, ती याच हवेच्या भरवशावर. २००८ साली इथिओपियाचे धावपटू हेले गेब्रसेलासी यांनी तिथे २ तास ४ मिनिटं ५३ सेकंदांत शर्यत पूर्ण केली होती. दक्षिण गोलार्धात, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज किंवा नामिबियातल्या विंडहुकसारख्या ठिकाणी, हाच हंगाम जून ते ऑगस्ट असा येतो.

पण या हवेत नव्याने धावायला लागलेला माणूस एक चूक हमखास करतो. फोनवर ‘कमाल २१, किमान ५’ असं बघतो आणि मधलं काहीतरी असेल असं समजून कपडे चढवतो. पहिल्या हिवाळ्यात मीही तेच केलं. घराबाहेर पडलो तेव्हा बोटं बधिर झाली होती. सव्वा तासाने परतताना जाकीट कमरेला बांधलेलं, कपाळावर मिठाचा थर आणि घशाला कोरड. एकाच फेरीत मी दोन ऋतू पार केले होते आणि तयारी मात्र एकाचीही नव्हती.

कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशाखाली जमीन दिवसा पटकन तापते आणि रात्री तितक्याच पटकन उष्णता सोडून देते. ढग आणि बाष्प ही पृथ्वीची गोधडी. वाळवंटात ती जवळजवळ नसतेच. त्यामुळे दिवस-रात्रीच्या तापमानात १५ अंशांचा फरक ही तिथली रोजची गोष्ट आहे. म्हणून पुढे जे सांगतो आहे, त्याचा पाया एकच: दिवसाचा आकडा बाजूला ठेवा आणि तुम्ही रस्त्यावर असाल त्या तासांचे आकडे वाचा.

पायरी १: आपलं शहर कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

सगळी वाळवंटी शहरं सारखी नसतात. दुबई, अबूधाबी, दोहा ही समुद्रकाठची. तिथे जानेवारीतल्या रात्री साधारण १४-१५ अंशांवर थांबतात, गारठा बेताचाच, पण हवेत दमटपणा असतो आणि पहाटे दाट धुकं पडू शकतं. रियाध, फिनिक्स, बिकानेर ही आतली शहरं. तिथली हवा कोरडी, दुपार छान उबदार आणि पहाट बोचरी. तिसरा गट उंचावरच्या शहरांचा. अमेरिकेतलं अल्बुकर्की साधारण १,६०० मीटरवर आहे, तर लेह ३,५०० मीटरवर. इथे हिवाळ्याच्या रात्री शून्याखाली जातात, लेहमध्ये तर फारच खाली, आणि विरळ हवेमुळे नेहमीचा वेगही जड वाटतो. वाळवंट म्हणजे गरम, हा समज इथे अंगाशी येतो. हा लेख प्रामुख्याने पहिल्या दोन गटांसाठी आहे; लेहसारख्या ठिकाणच्या थंडीची तयारी हा स्वतंत्र विषय आहे.

पायरी २: अंदाजातले नेमके आकडे वाचा

तासवार अंदाज उघडा. निघायची वेळ आणि परतायची वेळ, अशा दोन्ही ठिकाणी पुढच्या गोष्टी बघा.

आधी तापमान. दिवसातली सर्वांत थंड वेळ मध्यरात्र नसते. सूर्योदयाच्या आसपास, बऱ्याचदा सूर्य उगवल्यानंतरही थोडा वेळ, पारा सर्वांत खाली असतो. कारण कोवळ्या तिरप्या उन्हातून मिळणारी उष्णता जमिनीतून निघून जाणाऱ्या उष्णतेला अजून पुरी पडत नसते. त्यानंतर मात्र पारा भराभर चढतो. दीड तासाच्या धावण्यात पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो, आणि त्यावर उन्हाचा थेट चटका वेगळाच.

मग वारा. हवा ५ अंशांची आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ती १ अंशासारखी लागते. हवा अगदी शांत असली तरी ताशी १० किलोमीटरने धावणाऱ्याच्या तोंडावर तेवढा वारा असतोच, हे लक्षात ठेवा.

तिसरा आकडा बहुतेक जण बघतच नाहीत: दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान. सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी तापमानाबरोबर दिवसभर वर-खाली होत राहते, त्यामुळे ती फसवते. पहाटेचे ६० टक्के आणि दुपारचे २० टक्के, यात बाष्प तेवढंच असू शकतं. दवबिंदू मात्र हवेत खरोखर किती पाणी आहे ते सांगतो. तो शून्याच्या आसपास किंवा खाली असेल, तर हवा खडखडीत कोरडी आहे असं समजा. घसा, नाक, ओठ आणि पाणी यांची तयारी त्यानुसार करा. उलट दवबिंदू आणि तापमान एकमेकांच्या जवळ आले असतील, आणि वारा पडलेला असेल, तर धुक्याची शक्यता धरा.

शेवटी हवेची गुणवत्ता आणि अतिनील निर्देशांक. या दोन्हींबद्दल पुढे बोलूच.

एक सावधगिरी: अंदाजातलं तापमान अनेकदा विमानतळावरच्या केंद्राशी जोडलेलं असतं आणि ते जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर, सावलीत मोजलेलं असतं. शहराच्या मध्यभागी डांबर आणि काँक्रीट रात्रभर ऊब सोडत राहतात, तर शांत रात्री शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर तीन-चार अंशांनी जास्त थंडी असू शकते. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने वाहत सखल भागात साठते. कोरड्या नदीपात्रातून पळताना अचानक अंगावर शहारा येतो, तो यामुळे. दोन-तीन आठवडे आपल्या मार्गावर लक्ष ठेवलंत, तर कुठे गारठा साचतो ते पायांनाच पाठ होतं.

पायरी ३: वेळ ठरवा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच. बूट-कपडे नंतरचे.

उन्हाळ्याच्या सवयीने बरेच जण हिवाळ्यातही झुंजुमुंजू व्हायच्या आत बाहेर पडतात. उन्हाळ्यात ते बरोबर असतं. हिवाळ्यात मात्र ती वेळ सर्वांत थंड, सर्वांत अंधारी आणि अनेक शहरांत सर्वांत प्रदूषितही असते. रात्री जमीन थंड झाली की तिच्या लगतची हवा गार होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. उबदार हवेचं हे झाकण बसलं, की वाहनांचा धूर, शेकोट्यांचा धूर आणि बांधकामांची बारीक धूळ खालीच अडकते. सूर्य वर आला, जमीन तापली, हवा वर-खाली मिसळू लागली, की हे झाकण फुटतं. त्याच सुमारास वाराही सुटतो. म्हणजे पहाटे हवा शांत पण साचलेली, आणि दहानंतर वारा पण हवा मोकळी, असा हा सौदा आहे.

साध्या दिवसासाठी सूर्योदयानंतर एका तासाने सुरू करून तिसऱ्या तासाच्या आत संपवणं मला सर्वांत सोयीचं वाटतं. उजेड असतो, पारा चढता असतो, वारा अजून बेताचा असतो. दुसरी चांगली खिडकी सूर्यास्ताआधीच्या दीड तासाची. तेव्हा स्नायू दिवसभरात मोकळे झालेले असतात आणि हवाही बऱ्यापैकी मिसळलेली असते. पण सूर्य बुडाल्यावर पहिल्या एक-दोन तासांत पारा झपाट्याने उतरतो. म्हणून संध्याकाळी निघताना ‘आत्ता किती छान आहे’ यावर जाऊ नका, परतायच्या वेळेचा आकडा बघून एक थर सोबत घ्या. घरापासून सहा किलोमीटरवर घामेजलेल्या अंगाने चालत परतायची वेळ आली, तर तो थर किती मोलाचा ते कळतं.

नोकरीमुळे पहाटेच शक्य असेल, तर जरूर पहाटे धावा. फक्त मोठ्या रस्त्यांपासून दूर राहा आणि जोराचा सराव दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवा.

पायरी ४: दहा अंश जास्त आहेत असं धरून कपडे घाला

धावपटूंमध्ये जुना ठोकताळा आहे: प्रत्यक्ष तापमानापेक्षा आठ-दहा अंश जास्त आहे असं समजून कपडे घालावेत, कारण दहा मिनिटांत शरीर तेवढी उष्णता स्वतः तयार करतं. दारातून बाहेर पडताना किंचित हुडहुडी भरलीच पाहिजे. भरली नाही, तर कपडे जास्त झाले आहेत.

वाळवंटात या ठोकताळ्याला एक जोड हवी: प्रत्येक थर काढता यावा आणि हातात न धरता सोबत नेता यावा. १५ अंशांच्या वर साधी अर्ध्या बाह्यांची बनियन आणि हाफ पँट पुरते. ८ ते १५ मध्ये त्यावर हातांना ओढायच्या वेगळ्या बाह्या घ्या; ऊन चढलं की त्या मनगटापर्यंत खाली सरकवता येतात. २ ते ८ मध्ये पातळ पूर्ण बाह्यांचा अंगाला लागून असलेला थर, त्यावर बिनबाह्यांचं वारारोधक जाकीट, पातळ हातमोजे आणि कानपट्टी. त्याखाली पारा गेला तर पाय झाकणारी घट्ट पँट आणि तोंडावर घ्यायचा पातळ कापडी गळपट्टा.

एकच वस्तू घ्यायची असेल, तर ते बिनबाह्यांचं जाकीट घ्या. छाती वाऱ्यापासून वाचते, काखांतून उष्णता बाहेर पडते आणि घडी करून ते मुठीत मावतं. सुती कपड्याबद्दल मात्र माझं मत कडक आहे. ‘हवा कोरडी आहे, सुती लगेच वाळेल’ असं म्हणतात. पाठीवरच्या जाकिटाखाली ते वाळत नाही, ओलंच राहतं, आणि वाऱ्याला पाठ दिली की गार पडतं.

उन्हाला विसरू नका. हवा गार असली तरी अतिनील किरणं तापमान बघून कमी-जास्त होत नाहीत. निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त असेल तर त्वचा जपावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे आणि २५ अंश अक्षांशाच्या आसपासच्या शहरांत हिवाळ्यातल्या भर दुपारीही तो ओलांडला जातो. कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरणं परत अंगावर फेकते. टोपी, चष्मा आणि सनस्क्रीन पिशवीत असू द्या. चष्म्याचा दुसरा उपयोग वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूपासून. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना तर तो हवाच.

पायरी ५: छातीला आणि स्नायूंना हळूहळू जागं करा

श्वासातून आत जाणारी हवा फुप्फुसांपर्यंत पोहोचेतो शरीराच्या तापमानाची आणि पूर्ण ओलसर व्हावी लागते. थंड आणि कोरडी हवा भराभर ओढली, तर श्वासनलिकेच्या आतलं अस्तर कोरडं पडतं. काहींच्या नलिका त्यामुळे आकसतात. छातीत घरघर, खोकला, दम लागल्यासारखं होतं. दमा नसलेल्या माणसालाही हे होऊ शकतं.

उपाय सोपा आहे, पण घाई चालत नाही. घरातच पाच मिनिटं पाय झुलवणं, गुडघे उचलणं, जिन्यावर चढउतार. मग बाहेर दहा मिनिटं इतकं हळू धावा की बोलता येईल. नाकाने श्वास घेत राहिलात तर वेग आपोआप काबूत राहतो. तोंडावर पातळ कापड असेल तर बाहेर सोडलेल्या श्वासातला ओलावा त्यात अडकतो आणि पुढचा श्वास थोडा मऊ होऊन आत जातो. ज्यांना डॉक्टरांनी पंप दिला आहे, त्यांनी तो त्यांच्या सल्ल्याप्रमाणे आधी घ्यावा आणि सोबतही ठेवावा. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी कडाक्याच्या पहाटे टाळाव्यात; थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो.

नाकाचा घोळणा फुटणं, ओठ उलणं हे कोरड्या हवेतलं नेहमीचं. निघण्याआधी नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांना पेट्रोलियम जेली लावा. मांड्या आणि काखांनाही लावा, कारण वाळलेल्या घामाचं मीठ कातडी सोलून काढतं.

पायरी ६: न दिसणाऱ्या घामाचा हिशेब ठेवा

या हवेत सर्वांत जास्त फसवणूक पाण्याची होते. दमट शहरात घाम निथळतो, कपडे चिंब होतात, आणि आपण आपोआप पाणी शोधतो. कोरड्या हवेत घाम त्वचेवर येता येताच उडून जातो. अंग कोरडं दिसतं, म्हणून घाम आलाच नाही असं वाटतं. त्यात थंडीने तहान मंदावते आणि लघवी जास्त होते.

श्वासातूनही पाणी जातं. ढोबळ हिशेब करून बघा: आरामात धावणारा माणूस तासाला साधारण साडेतीन घनमीटर हवा आत-बाहेर करतो. १० अंश तापमानाच्या कोरड्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम तीन ग्रॅम बाष्प असतं, आणि बाहेर पडणाऱ्या श्वासात तीस ग्रॅमच्या वर. म्हणजे केवळ श्वासातून तासाला शंभर मिलिलिटरच्या आसपास पाणी निघून जातं, घाम वेगळा.

अंदाजावर न जाता मोजा. धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. घटलेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी. मध्ये काही प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. पहाटे, सकाळी उशिरा आणि संध्याकाळी अशा तिन्ही वेळी एकेकदा मोजलंत की पुढच्या हंगामापर्यंत पुरेल इतकी माहिती हाती येते. वजन दोन टक्क्यांहून जास्त घटत असेल तर पुढच्या वेळी वाटेत जास्त प्या. वजन वाढलं असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. तेही धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम उतरतं. तासाभराच्या आतल्या धावण्यात निघण्यापूर्वी प्यायलेलं एक-दोन पेले पाणी बहुतेकांना पुरतं. त्यापुढे बाटली सोबत ठेवा. वाळवंटी शहराच्या कडेला वाटेत पाणी मिळेल, असं कधीही गृहीत धरू नका.

पायरी ७: धूळ, धुकं आणि पाऊस यांपैकी काही आहे का ते बघा

आखाती भागात हिवाळ्यात वायव्येकडून शमाल वारा येतो. तो आला की एक-दोन नव्हे, कधी कधी चार-पाच दिवसही थंडी आणि धूळ मुक्काम ठोकते. हवा गुणवत्ता निर्देशांक १०० च्या पुढे गेला की दमेकऱ्यांनी घरात थांबावं, आणि १५० च्या पुढे कुणीच जोराचा सराव बाहेर करू नये. अशा दिवशी ट्रेडमिलवर गेलात तर काहीही बुडत नाही.

ॲरिझोनासारख्या भागात धुळीला आणखी एक पैलू आहे. तिथल्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते आणि तिचे बीजाणू श्वासातून गेले की व्हॅली फीवर हा फुप्फुसांचा संसर्ग होऊ शकतो. दोन आठवडे खोकला आणि थकवा गेला नाही, तर डॉक्टरांना आपण धुळीत धावतो हे आवर्जून सांगा. त्यांच्या तपासण्यांची दिशा त्यावरून ठरते.

धुकं समुद्रकाठच्या शहरांत जास्त. ते सूर्योदयानंतर एक-दोन तासांत विरतं, तेव्हा थांबणं उत्तम. निघायचंच असेल तर वाहनांपासून पूर्ण वेगळ्या मार्गावर जा. कपाळावरचा दिवा धुक्यात आणि धुळीत डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा करतो. तो कमरेला बांधला तर रस्ता जास्त स्पष्ट दिसतो.

पाऊस क्वचित येतो, म्हणून त्याला कमी लेखू नका. अनेक वाळवंटी शहरांत वर्षाच्या पावसाचा मोठा भाग हिवाळ्यातच पडतो. पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ मिसळून बुळबुळीत थर होतो, विशेषतः चौकांत आणि पांढऱ्या पट्ट्यांवर. कोरड्या ओढ्यांत आणि नदीपात्रांत मात्र पावसाच्या दिवशी उतरूच नका, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरीही. वरच्या भागात पडलेलं पाणी कडक जमिनीत मुरत नाही, सरळ खाली धावत येतं. घोट्याच्या वर आलेला, जेमतेम १५ सेंटिमीटर खोलीचा जोरदार प्रवाहही धडधाकट माणसाला पाडू शकतो.

पायरी ८: मार्ग वाऱ्याकडे आणि सूर्याकडे बघून आखा

जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. अंग कोरडं आणि ताजं असताना वाऱ्याशी झुंज देणं सोपं जातं. घामेजलेल्या अंगाने त्याच वाऱ्यात परतताना गारठा हाडांत शिरतो.

हिवाळ्यात सूर्य बराच वेळ क्षितिजाजवळ राहतो. तुम्हाला समोरून ऊन लागतं तेव्हा तुमच्या दिशेने, पाठीमागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांवर तेच ऊन असतं आणि त्याला तुम्ही दिसत नाही. त्यामुळे सकाळी पूर्वेकडे जाणारा वाहता रस्ता टाळा.

पाणी शिंपडणाऱ्या कारंज्यांच्या बागा असतील, तर पहाटे फरसबंदीकडे नीट बघा. निरभ्र रात्री जमिनीचा पृष्ठभाग हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असतो, त्यामुळे अंदाजात २ अंश असले तरी ओल्या फरशीवर पारदर्शक बर्फ धरलेला असू शकतो.

आणि मऊ वाळू: कडक जमिनीच्या तुलनेत तिच्यावर धावायला साधारण १.६ पट शक्ती लागते. वेगाचा आकडा विसरून, नाडीकडे लक्ष देत, आठवड्यातून एकदा वीस मिनिटं पुरे. पिंढऱ्या आणि टाचा तयार नसताना तिथे तासभर धावणं म्हणजे पुढचे दोन आठवडे गमावणं.

पायरी ९: थांबल्यानंतरची दहा मिनिटं

धावणं थांबलं की शरीराची भट्टी पटकन मंदावते, पण बाष्पीभवन चालूच राहतं. म्हणून गाडीजवळ उभं राहून गप्पा मारण्याआधी ओली बनियन बदला आणि कोरडं काहीतरी अंगावर घ्या. मग पाणी, वजन, आणि एका वहीत चार नोंदी: निघतानाचं तापमान, परततानाचं तापमान, दवबिंदू, आणि अंगावर काय होतं. शेजारी एकच शब्द लिहा: कमी, जास्त किंवा बरोबर. पुढच्या डिसेंबरात पहिल्या थंड सकाळी कपाटासमोर उभे राहाल, तेव्हा आधी ही वही उघडा.